टाकीमागचं ऑर्किड

४ जुलै

पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर मी गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बसले होते. मागून टाकीचा रखवालदार म्हणाला, "काही हरवलं का ताई?"

मी म्हटलं, "नाही. सापडलंय."

तो जरा वेळ उभा राहिला. गवताशिवाय काही दिसेना तेव्हा मान हलवत निघून गेला.

जमिनीतून उगवणारं ऑर्किड आहे. वीतभर उंच, फुलं हिरवट पांढरी, नखाएवढी. या कुळातली फुलं मी आमच्या वनस्पती संग्रहालयात वर्षानुवर्षं कागदावर चिकटवत आले आहे; तेच माझं काम. दुसऱ्यांनी रानातून आणायचं, वाळवायचं, आणि मी डिंक लावून, दोरे घालून, बाजूला चिठ्ठी चिकटवायची. ऑर्किडच्या फुलाच्या खालच्या पाकळीला आम्ही ओठ म्हणतो. या कुळात तो बहुधा खाली लोंबतो. याचा मात्र वर वळलेला, आत दुमडलेला. कोणी काही बोललं म्हणून फुरंगटून बसल्यासारखा. असा ओठ मी कागदावर कधी पाहिलेला नाही. पाहिलाय तो फक्त घरी, सासूबाईंचा.

दोनच रोपं दिसली. एक फुललेलं, दुसऱ्याला बारीक कळी. फुललेलं कापून आणलं. कंद जमिनीतच राहू दिला, म्हणजे पुढे कधीतरी परत येईल.

आनंद झालाय. पण कोणाला सांगताना आवाज कसा ठेवायचा ते ठरत नाही.

५ जुलै

संग्रहालयातल्या दाबाच्या फळीचा स्क्रू गेलाय. फूल तर लगेच दाबायला हवं. शेवटी घरी वर्तमानपत्रात घातलं आणि घरातल्या सगळ्यात जड वस्तूखाली ठेवायचं ठरवलं. ती वस्तू म्हणजे सासूबाईंची गादी. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या त्या स्वतःची गादी, स्वतःचं घड्याळ आणि स्वतःचा राग घेऊन. राग कोणावर ते अजून कळलेलं नाही. सध्या तरी माझ्यावर आहे असं धरून मी चालते.

"आई, तुमच्या गादीखाली एक पुडकं ठेवलं तर चालेल?"

"ठेव. मी आता वजन म्हणूनच उरलेय."

८ जुलै

ऑर्किडवाल्या बाईंचं उत्तर आलं. या कुळातला शेवटचा शब्द त्यांचा. मी फोटो पाठवले होते. लिहितात, असा ओठ कुठेच नोंदलेला नाही, जात नवी असण्याची दाट शक्यता आहे. पण फोटोवर नाव ठेवता येत नाही, वाळवलेलं फूल हातात हवं. ताबडतोब पाठवा, आपण दोघी मिळून लिहू.

"आपण दोघी." हे दोन शब्द मी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा वाचले.

घाई आणखी एका कारणासाठी आहे. हिवाळ्यात त्या उतारावर दुसरी टाकी बांधणार आहेत. चुन्याच्या रेघा मारून झाल्यात, त्यातली एक माझ्या रोपांच्या अगदी डोक्यावरून जाते. पाणीखात्याच्या अभियंत्याला जाऊन भेटले. माणूस सभ्य आहे. म्हणाला, "बाई, झाडाचं नाव काय?" मी म्हटलं, "अजून नाही." तो म्हणाला, "मग अर्जात मी काय लिहू? बिननावाच्या झाडासाठी टाकी कशी सरकवू?" खरं आहे. नाव नाही तर ते गवत.

१० जुलै

गेलं.

संध्याकाळी गादी उचलली तर वर्तमानपत्र नाही. सासूबाई खिडकीपाशी बसून शब्दकोडं सोडवत होत्या. तेच वर्तमानपत्र होतं.

"आई, यात एक फूल होतं."

"फूल? काडी होती एक वाळलेली. कचऱ्यात टाकली. कोडं अर्धवट राहिलं होतं माझं, आणि तू पेपर गादीखाली दडपून ठेवलास."

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. मी तरीसुद्धा खाली जाऊन रिकामा डबा पाहिला. डबा धुऊन पालथा घातला होता.

मी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हटलं, "जगात कोणी पाहिलं नव्हतं ते, आई." त्यांनी कोडं बाजूला ठेवलं. ओठ आत दुमडला. म्हणाल्या, "एवढ्याशा काडीसाठी!" आणि आपल्या खोलीत गेल्या.

नवरा म्हणाला, "दुसरं रोप आहे ना? कळी आहे म्हणालीस." तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा त्याचा एक आवाज आहे. तोच आवाज त्याने माझ्यासाठी काढला.

११ जुलै

सासूबाई काल रात्री जेवल्या नाहीत, आज सकाळीही अर्धवटच. पोट बिघडलंय म्हणतात. हवाच तशी आहे. त्यांना ओवा दिला.

साधं "चुकलं" म्हणायलाही त्यांना जमलं नाही. माणसं वय वाढलं की कडक होतात ती अशी.

१६ जुलै

सासूबाईंनी पहाटे फिरायला जायला सुरुवात केलीये. डॉक्टर वर्षभर सांगत होते तेव्हा ऐकलं नाही. आता आपणहून. बरं झालं, पहाटेचा चहा मला एकटीला शांतपणे पिता येतो.

आज भाजी निवडताना त्यांनी अचानक विचारलं, "तुझं ते गवत असतं तरी कुठे?"

"टाकीच्या मागे."

"म्हणजे चढ आहे."

"थोडा."

"हं," म्हणाल्या आणि एक देठ उगाच दोनदा मोडला. मला टोचायची संधी त्या सोडत नाहीत. मी आता त्यांच्यासमोर ऑर्किडचा विषय काढायचाच नाही असं ठरवलंय.

१८ जुलै

संग्रहालयात एक दाढीवाला आला होता. गळ्यात कॅमेरा, खिशाखिशांचं जाकीट. सरांना विचारत होता, जमिनीवरची ऑर्किडं जवळपास कुठे दिसतात. सर आमचे प्रमुख. त्यांना कोणी काही विचारलं की ते विरघळतात. ते म्हणाले, "आमच्या बाईंना अलीकडेच टाकीच्या—" आणि मी मुद्दाम डिंकाची बाटली पाडली.

डिंक सरांच्या बुटात गेला. पण वाक्य थांबलं.

संध्याकाळी उतारावर गेले तर दाढी तिथे होती! टाकीला वळसा घालून खाली बघत बघत चालली होती. मी टाकीच्या जाड पाइपामागे लपले. कळी सुखरूप आहे. पण किती दिवस?

१९ जुलै

मला आज फार हुशार असल्यासारखं वाटतंय. हे वाटणं दुर्मीळ म्हणून लिहून ठेवते.

आम्ही रानात महत्त्वाच्या रोपाशेजारी तारेचं छोटं लाल निशाण रोवतो. दाढीला हे माहीत असणारच. तर मी खऱ्या कळीपाशी काहीच ठेवलं नाही, आणि चांगलं लांब, उताराच्या दुसऱ्या टोकाला, एका टाकळ्याशेजारी लाल निशाण रोवून आले. टाकळा, रस्त्याकडेला कुठेही उगवतो तो, शेळीसुद्धा ज्याच्याकडे वळून बघत नाही तो. तिथे टाकळा आणि चार गवताची पाती, दुसरं काही नाही. दाढी बसू दे त्याचे फोटो काढत.

रात्री जेवताना नवऱ्याला एवढंच सांगितलं की उतारावर लाल निशाण लावलंय. खोटं आहे हे नाही सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसांना तो आमच्या घरातल्या गोष्टी सांगतो, त्यांचा वेळ जावा म्हणून. सासूबाई पाणी प्यायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "लाल म्हणजे लांबून दिसतं का?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग ठीक." काय ठीक, देव जाणे.

२४ जुलै

फसली! दाढी फसली!

टाकळ्याभोवती कोणीतरी छान गोल दगड रचले आहेत. माती ओली आहे. पाऊस चार दिवस नाही, म्हणजे पाणी घातलंय. टाकळ्याला पाणी! मी तिथेच तोंडावर हात ठेवून हसले. रखवालदाराने लांबून विचारलं, "ताई, आज काय सापडलं?"

२९ जुलै

टाकळ्याला आता काठीचा आधार दिलाय आणि लोकरीने सैलसर बांधलंय. गाठ कशी असावी तर बाळाच्या झबल्याची असते तशी. दाढीवाल्या पुरुषाला इतकी नाजूक गाठ येते याचं कौतुक वाटलं. लोकर जांभळी. सासूबाईंच्या न संपणाऱ्या स्वेटरचा रंग असाच काहीसा आहे. हल्ली जांभळ्याची फॅशन दिसते.

बाथरूममधला मग सापडत नाही. घरात माणसं तीन, आणि मग कोणी उचलला ते कोणालाच माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग काय पाय फुटून गेला?" आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खाल्ला असेन.

३ ऑगस्ट

पावसाने दडी मारली आहे. खऱ्या रोपाचं टोक मलूल दिसतंय.

पाणी घालायचा मोह होतो. पण सरांनी मला पहिल्या वर्षी शिकवलेला नियम आहे: रानातल्या झाडाला आपण हात लावायचा नाही. पाणी नाही, खत नाही, आडोसा नाही. ते जसं जगतं तसंच नोंदवायचं. ज्याला पाणी घातलं ते रानटी राहत नाही, ते कुंडीतलं होतं. मी हा नियम नव्या मुलींना इतक्या वेळा ऐकवलाय की आता तो मोडायला मला स्वतःचीच लाज वाटते.

बाटली हातात घेऊन उभी राहिले आणि ते पाणी स्वतः प्यायले.

६ ऑगस्ट

सरांनी बोलावून घेतलं. दार लावलं. मला वाटलं डिंकाचा विषय.

"नावाचा काही विचार केला का?"

"अजून फूलच नाही, सर."

"फूल येईल हो. नावाचा विचार आधी करावा. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव झाडाला देऊ नये असा संकेत आहे, तुम्हाला ठाऊक आहेच." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणून मी लेखकांच्या यादीतून माझं नाव काढून घ्यायला तयार आहे."

सरांचं नाव त्या यादीत कधी घातलं होतं ते मला आठवेना. पण त्यांचा त्याग मोठा होता, चेहऱ्यावर दिसत होता. मी म्हटलं, "विचार करते सर."

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग आमच्या कंपनीचं नाव दे. लिफ्टची ऑर्किड. वर वळलेला ओठ आहे म्हणतेस ना, वर जाणारी." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माणसांची नावं कशाला झाडाला? झाडाने काय पाप केलंय?" त्यांना या नावाबिवाचं काही पडलेलं नाही, हे एक बरं आहे. मग भांडी जरा जोरात लागली.

१२ ऑगस्ट

सासूबाईंचा गुडघा सुजलाय. मी म्हटलं, "आई, सपाट रस्त्यावर फिरा ना." त्या म्हणाल्या, "सपाट रस्त्यावर काय आहे बघायला?" मलम चोळून दिलं. त्यांच्या चपलेला लाल माती होती. त्या फिरायला जातात त्या बागेत असली माती कुठे असते? नगरपालिकेने नवी टाकली असेल.

मलम चोळताना त्यांनी विचारलं, "झाडाला फूल येणार हे आधी कळतं का?"

"कळी दिसते."

"कळीच्या आधी?"

"कळीच्या आधी नुसती वाट बघायची, आई."

"ते येतं मला," त्या म्हणाल्या. सासरे अकरा महिने अंथरुणावर होते. मी दुसरा गुडघा चोळला. तो सुजलेला नव्हता.

१७ ऑगस्ट

कळी गळली.

देठ वाळून तपकिरी झालाय. हात लावला आणि टोक हातात आलं. उमलायला तीनचार दिवस हवे होते, एक चांगली सर हवी होती. नाहीतर एक बाटली पाणी. मी रोज तिथे बाटली घेऊन उभी होते.

ऑर्किडवाल्या बाईंना अजून कळवलं नाही. अभियंत्याच्या कचेरीवरून आले. दार उघडं होतं, आत गेले नाही.

खूप वाईट वाटतंय, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडं हसू येतंय. त्या टोकाला तो टाकळा कमरेएवढा झालाय. हिरवागार, तजेलदार. एवढा देखणा टाकळा मी आयुष्यात पाहिला नाही. जगात ज्याची कोणाला गरज नाही ते जगवलं, आणि जे एकच होतं ते मी नियमाने मारलं.

उद्या सकाळी लवकर जाऊन निशाण काढून आणणार. दाढीला भेटले तर खरं सांगून टाकणार. त्याचे कष्ट आता बघवत नाहीत.

१८ ऑगस्ट

जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

पहाटे निघाले तेव्हा सासूबाई फिरायला गेलेल्या होत्या. टाकीपाशी पोचले तर पलीकडून बोलणं ऐकू आलं. मी सवयीने पाइपामागे थांबले.

"पाय, पाय! पाय सांभाळा!"

"हो आजी."

"रोज सांगते."

"रोज सांगता, आजी."

"रोज सांगते कारण तुम्ही रोज पाय देता. जगात एकच आहे हे. माझ्या सुनेने शोधलंय."

दाढी हातात कॅमेरा धरून अदबीने उभी होती. आणि सासूबाई आमच्या बाथरूममधल्या मगाने टाकळ्याला पाणी घालत होत्या. थोडं थोडं, कडेकडेने, मधे हात थांबवत, आजारी माणसाला पाजतात तसं.

"फूल कधी येणार याला?" दाढीने विचारलं.

"येईल. सुनेला घाई नसते. एवढी वर्षं दुसऱ्यांनी आणलेली झाडं चिकटवत बसली, एका शब्दाने बोलली नाही. मला तर वाटायचं ती डिंकाच्या कारखान्यात आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिच्यासमोर हे बोलू नका. डोक्यात जाईल तिच्या."

मी पाइपाला टेकून उभी होते. पाइप गार होता. सगळं एकदम समोर आलं: लोकर, माती, मग, गुडघा. फुलाच्या ओठावरचे केस मोजणारी बाई मी, आणि माझ्या घरातला मग महिनाभर डोंगर चढत होता.

मग आणखी एक गोष्ट समोर आली. त्यांना सांगायचं कसं? एवढा चढ, एवढा गुडघा, आणि तो आहे टाकळा. खोटं निशाण मी लावलं होतं.

पुढे झाले. त्यांनी मग पाठीमागे लपवला. सत्तरी उलटलेली बाई, शाळेतल्या मुलीसारखी.

"आई, तुम्ही रोज पाणी घालता?"

"मी कशाला घालू? फिरायला येते. हातात ओझं नको म्हणून इथे ओतते."

 त्यांच्याकडे बघायचं टाळायला मी खाली बसले, निशाण काढायला. टाकळ्याची पानं बाजूला केली.

त्याच्या पायाशी, सावलीत, त्या दिवशी मला गवताची चार पाती वाटली होती त्यांच्यामधून एक देठ वर आला होता. देठावर पाच फुलं. पाचही फुलांचे ओठ वर वळून आत दुमडलेले.

पात्यांच्या अवस्थेत हे रोप कसं दिसतं ते कोणालाच माहीत नाही, कारण आजवर कोणी पाहिलेलंच नव्हतं. मीही नाही. खोटं निशाण मी खऱ्या रोपाच्या कुशीत रोवलं होतं.

"काय झालं?" सासूबाई घाबरल्या. "रडतेस कशाला? मेलं का ते? काल तर चांगलं होतं. अगं बोल ना!"

"नाही आई. फुललंय."

त्या गुडघा धरत वाकल्या. "कुठे?"

"हे. हे छोटं."

"एवढंसं?" त्यांचा चेहरा पडला. मग टाकळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मग हे मोठं काय आहे?"

दाढीने तोंड उघडलं. त्याला ठाऊक होतं की काय कोण जाणे. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

मी म्हटलं, "ती त्याची सावली आहे, आई. ती नसती तर हे जळून गेलं असतं."

त्यांनी टाकळ्याच्या खांद्यावर, म्हणजे एका फांदीवर, हात ठेवला. "बघा," त्या दाढीला म्हणाल्या, "मी म्हणत होते."

१९ ऑगस्ट

दाढी सज्जन निघाली. लोकांच्या भिंतीवर लावायला फुलांचे फोटो काढून विकतो. ऑर्किड कधी पाहिलेलं नव्हतं, आजींनी सांगितलं म्हणून टाकळ्याचे सातशे फोटो काढलेत. म्हणाला, "काही फार सुंदर आलेत, ताई." मला खात्री आहे.

घरी मात्र भांडण झालं. मी कात्री आणि टिपकागद पिशवीत भरत होते.

"हे कशाला?"

"कापून वाळवावं लागेल, आई. हातात आल्याशिवाय नाव देता येत नाही."

"इतके दिवस जगवलं ते कापायला?"

"कंद जमिनीत राहतो. तो मरत नाही."

"आणि पुढच्या वर्षी नाही आलं वर, तर?"

खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "कधीकधी येत नाही. पण नाव नसेल तर टाकी येणार, तेव्हा कंदही राहणार नाही."

त्या पलंगावर बसल्या. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत होत्या. "म्हणजे नाव हवं तर आधी मरायचं. माणसांचं उलटं असतं. माणूस मेला की घरात कोणी त्याचं नाव घेत नाही. सगळे आपले, 'ते गेले तेव्हा', 'ते होते तेव्हा'."

मी पिशवी खाली ठेवली. मग मी सासऱ्यांचं नाव घेतलं, मोठ्याने, आडनावासकट. या घरात कित्येक महिन्यांत ते उच्चारलं गेलं नव्हतं. आतून नवरा आला, कोणाचा फोन आहे का बघायला. त्याला हाताने बसायला सांगितलं. तिघं बसलो.  मग सासूबाई म्हणाल्या, "त्यांना असली फिकी फुलं आवडली नसती. भडक लागायची." आणि नवरा हसला, आणि मग त्याला एकदम नाक शिंकरावं लागलं.

शेवटी तडजोड झाली. वरची चार फुलं आणि एक पान मी घ्यायचं. सगळ्यात खालचं फूल त्यांचं. ते तिथेच राहील, बी धरेल.

"आणि कात्री मी धरणार," त्या म्हणाल्या. "तुझा हात थरथरतो."

२१ ऑगस्ट

कापलं. त्यांचा हात अजिबात थरथरला नाही. त्या वेळी डोळे मिटले होते, ते मात्र मी पाहिलं.

नमुना संग्रहालयातल्या कुलपात आहे. स्क्रू दुरुस्त झालाय. नवऱ्याने येऊन बसवला, लिफ्टचा आहे, दोन टन पेलतो.

९ सप्टेंबर

ऑर्किडवाल्या बाईंना नमुना पोचला. जात नवीच. त्यांनी एक प्रश्न विचारलाय: रोप फुललं त्या जागी जमिनीत ओल इतकी कशी, बाकी उतार तर कोरडा म्हणता? मी खरं ते लिहिलं: "रोज सकाळी पाणी घातलं जात होतं." त्यांनी उलट लिहिलं: "कोणी?" मी लिहिलं: "स्थानिक अभ्यासक."

सरांना सांगितलं की त्यांचं नाव या जातीला देत नाही. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं आणि लेखकांच्या यादीत स्वतःला परत घातलं. ऑर्किडवाल्या बाईंनी परत काढलं.

१५ सप्टेंबर

अभियंत्याचा फोन. टाकीची आखणी वर सरकवतोय म्हणाला. "गवतासाठी सरकवली नसती. पण ऑर्किड म्हटल्यावर वरिष्ठांनाही बरं वाटलं. फक्त अर्जात नाव भरून द्या."

म्हणजे नाव आता ठरवायलाच हवं. मी गेले दोन दिवस एका नावाशी खेळतेय, पण ज्यांचं आहे त्यांना विचारायची हिंमत होत नाही. त्या सरळ नाही म्हणतील. त्यांना हे असलं आवडत नाही, मागे म्हणाल्याच होत्या.

१६ सप्टेंबर

आज दुपारी सासूबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. टाके मोजता मोजता, वर न बघता म्हणाल्या, "ते नाव एकदा ठेवलं की बदलता येतं का?"

"नाही. कायमचं."

"सगळ्या जगात तेच?"

"सगळ्या जगात."

एक ओळ विणून झाली. दुसरी सुरू झाली.

"माझं नाव द्यायचं असेल आणि आत्ताचं आडनाव लावायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर ते नको. ते सगळे वापरतात. तो वापरतो, तू वापरतेस, बिलांवर येतं. माझं माहेरचं घे. लग्नापासून घडी घालून ठेवलंय, अगदी कोरं आहे."

मी विचारलं, "काय होतं आई, माहेरचं आडनाव?"

इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि मला ते माहीत नव्हतं. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. सुया खाली ठेवून, पाठ ताठ करून, शाळेत हजेरी देतात तसं त्यांनी ते सांगितलं. छान आहे. झाडाला शोभेल.

इथे लिहीत नाही. छापून येईपर्यंत नाव फोडायचं नाही, असा आमच्यात नियम आहे, आणि हा एक नियम मी पाळणार आहे.